गाडीला आणखी एक पाटा घालावा का?



दिवाळी उलटली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, कोणत्याही बाजारपेठेच्या वाटेवर उभे राहा. शिगोशीग भरलेल्या पिकअप गाड्या एकामागून एक जाताना दिसतील. त्यांतल्या काही नीट न्याहाळा. मागची बाजू खाली बसलेली, पुढचे नाक वर उचललेले, आणि रात्रीची वेळ असेल तर दिव्यांचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत!

गेल्या हंगामात माझा एक जुना विद्यार्थी अशीच गाडी घेऊन आला. म्हणाला, "सर, माल भरला की गाडी मागून बसते. गॅरेजवाला म्हणतो, दोन पाटे वाढवून देतो, मग खुशाल पंचवीस क्विंटल भर. वाढवू का?" गाडी कर्जाची आणि भाडे क्विंटलवर मिळणारे. त्याचा प्रश्न पोटाचा होता. पण त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. चला, ते शोधू या.

पाटा कसा वाकतो?

गाडीच्या मागच्या चाकाजवळ खाली बसून पाहिलेत, तर कमानीसारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत दिसेल. हाच कमानपाटा. सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असतात आणि चळतीचा मध्यभाग यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेला असतो. ओझे पडले की कमान सपाट होते. ओझे काढले की पूर्ववत होते. ह्या गुणधर्माला स्थितिस्थापकता म्हणतात.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक ह्याने १६७६ साली आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. नियम साधा आहे : ओझे दुप्पट केले की वाकही दुप्पट होतो. मात्र हे एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पोलाद पूर्ववत होत नाही. पाटा कायमचा 'बसतो'.

आता एक प्रयोग करा. दोन सारख्या, पातळ लाकडी फूटपट्ट्या घ्या. एक पट्टी पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवी ठेवून मध्यभागी किलोभर वजन टांगा व वाक मोजा. मग दोन्ही पट्ट्या एकावर एक, पण सुट्या ठेवा. वाक निम्मा होईल. आता त्याच पट्ट्या फेव्हिकॉलने पक्क्या चिकटवून, वाळवून पुन्हा मोजा. वाक निम्मा नव्हे, सुमारे एक-अष्टमांश झालेला दिसेल! पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा २ × २ × २ म्हणजे आठपट.

मग एकच जाड पट्टी का घालत नाहीत? वाकताना पट्टीचा एक पृष्ठभाग ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. सारख्याच वाकाला जाड पट्टीचा पृष्ठभाग अधिक ताणला जातो आणि ती लवकर तडकते. पातळ पट्ट्या एकमेकींवर घसरतात, म्हणून पुष्कळ वाकूनही टिकतात. शिवाय त्यांच्या घर्षणाने गाडीचे हेलकावे लवकर शमतात.

म्हणून पहिला धडा : मोठ्या ट्रकची जाड पट्टी पिकअपच्या चळतीत घुसवू नये. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरची पट्टी जवळजवळ दुप्पट ताठ असते. चळतीतल्या सगळ्या पट्ट्या मात्र सारख्याच वाकतात. त्यामुळे सर्वांत जास्त ताण त्या जाड पट्टीवरच येतो.

रिकामी गाडी का उडते?

समजा, रिकाम्या गाडीचे ४०० किलो वजन मागच्या पाट्यांवर येते. पंधरा क्विंटल माल भरल्यावर त्यात १२०० किलोंची भर पडते आणि गाडी मागून ८ सेंटिमीटर बसते. म्हणजे दर सेंटिमीटरला १५० किलो.

गाडी सेकंदाला किती हेलकावे खाईल हे काढण्याची सोपी रीत आहे. पाट्यांवरच्या एकूण वजनाने येणारा वाक सेंटिमीटरमध्ये घ्या आणि त्याच्या वर्गमुळाने ५ ला भागा. भरलेल्या गाडीचा वाक १०.७ सेंटिमीटर, म्हणून हेलकावे सुमारे दीड. रिकाम्या गाडीचा वाक २.७, म्हणून हेलकावे सुमारे तीन. आता पाटे दुप्पट ताठ केले, तर रिकाम्या गाडीचे हेलकावे चारांच्या पुढे जातात. सेकंदाला चार ते आठ उभे हेलकावे माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त त्रास देतात.

त्यात आमच्याकडची काळी माती! ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर ताठ पाट्यांची रिकामी गाडी उड्या मारते. उडालेले चाक रस्ता धरीत नाही, आणि जे चाक रस्ता धरीत नाही त्याचा ब्रेकही लागत नाही.

पाट्याने न सांगितलेले

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पाटे वाढवल्याने गाडी बसायची थांबते, पण ओझे कमी होत नाही. ते टायर, बेअरिंग, ॲक्सल आणि ब्रेक ह्यांवर तेवढेच राहते. रिकामी गाडी १७ क्विंटलांची आणि माल १५ क्विंटल धरला, तर एकूण ३२ होतात. पंचवीस क्विंटल भरले तर ४२. सारख्याच वेगाला गतिज ऊर्जा सुमारे तीस टक्क्यांनी वाढली, आणि ती जिरवायला ब्रेक मात्र तेच! बसलेली गाडी निदान 'ओझे जास्त झाले' असे सांगत तरी होती. जादा पाट्याने तिचे तोंड बंद केले.

कायदाही हेच मानतो. गाडीने किती वजन वाहायचे हे आर. सी. बुकात लिहिलेले असते. पाटा वाढवून तो आकडा वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

मग निवड कशी करावी?

आधी मोजावे. सपाट जागी रिकाम्या गाडीच्या दोन्ही बाजूंची उंची घ्यावी. मग वजनकाट्यावर माल तोलून पुन्हा घ्यावी. रिकामी असतानाच गाडी बसलेली किंवा एका बाजूला कललेली असेल, तर पाटे थकले आहेत; दोन्ही बाजूंना मूळ मापाचेच नवे घालावेत. पाटे चांगले आहेत, माल मर्यादेत आहे, तरी भरल्यावर गाडी फार बसते असे असेल, तर 'हेल्पर' पाटा बरा. तो मुख्य पाट्यापासून थोडे अंतर राखून बसवतात. रिकाम्या गाडीत तो स्वस्थ असतो. ओझ्याने मुख्य पाटा वाकला की मगच टेकून हातभार लावतो. आणि माल मर्यादेबाहेर असेल, तर त्यावर कोणताही पाटा हा उपाय नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीची उंची आम्ही मोजली. रिकामी असतानाही डावी बाजू ३ सेंटिमीटर खाली होती. चळत सोडवली, तर आतल्या एका पट्टीला मधल्या बोल्टाच्या भोकापाशी तडा गेलेला! तीवर दोन पाटे वाढवून पंचवीस क्विंटल भरले असते, तर काय झाले असते, ह्याचा विचार तुम्हीच करा. त्याने दोन्ही बाजूंना मूळ मापाचे पाटे घातले. पंचवीस क्विंटल आता तो दोन खेपांत नेतो. डिझेल थोडे जास्त लागते, पण तो म्हणतो, "सर, घाटात आता ब्रेकवर भरवसा वाटतो."

तुमच्या घरी किंवा शेजारी मालाची गाडी असेल, तर येत्या रविवारी टेप घेऊन तिची उंची मोजा. डावी-उजवी सारखी भरते का, ते पाहा.