पेशीचं कूळ विचारायला हवं

दरवर्षी १० नोव्हेंबरला न्यूरोएंडोक्राइन कर्करोगाचा जागतिक जागृती दिन असतो. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो २०१८च्या मार्चमध्ये, इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला तेव्हा. ‘न्यूरो’ म्हणजे दर वेळी मेंदूच असं नाही, हेही तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. संप्रेरकं तयार करणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन पेशी स्वादुपिंडात, आतड्यात, फुप्फुसात असतात, तशाच जठरातही. जठरातल्या याच पेशींवरून एक वाद बरीच वर्षं चालू आहे आणि त्याची आपल्याकडे चर्चाच होत नाही.

जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार फार फसवा असतो. त्याची धड गाठ होत नाही. पेशी सुट्या होतात आणि टीपकागदावर शाई पसरावी तशा भिंतीत झिरपत जातात. भिंत चामड्यासारखी ताठ होते, पण एंडोस्कोपीत वरचं अस्तर पुष्कळदा ठीकठाकच दिसतं. फिनलंडचे पेक्का लॉरेन यांनी १९६५मध्ये त्याला ‘डिफ्यूज’ गटात टाकलं. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशीच्या पोटात फिकट, फुगलेला थेंब दिसतो आणि केंद्रक एका कडेला चंद्रकोरीसारखं दबलेलं असतं. शिक्क्याची अंगठीच जणू, म्हणून नाव पडलं ‘सिग्नेट रिंग’. थेंब श्लेष्माचा, म्हणून पेशी ग्रंथीच्या कुळातली, म्हणून हा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे जठरविकारतज्ज्ञ हेल्गे वाल्डुम यांना हे पटलं नाही. नेहमीच्या रंगकामात पुसट राहणारी खूण ठळक करणारी, जास्त संवेदनशील पद्धत त्यांच्या गटाने वापरली. तेव्हा या अंगठीपेशींमध्ये क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन ही न्यूरोएंडोक्राइन पेशींची ओळख सांगणारी प्रथिनं दिसली. पुढे जाऊन तो थेंब श्लेष्माचा नाहीच, असंही त्यांनी मांडलं. त्यांच्या मते या कर्करोगाचं मूळ जठरातल्या ‘ईसीएल’ पेशींत आहे.

ही ईसीएल पेशी काय करते, ते पाहण्यासारखं आहे. जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन रक्तात येतं, ते ईसीएल पेशीला जागं करतं, ती हिस्टामिन सोडते आणि त्यावर शेजारची पेशी आम्ल तयार करते. आम्ल कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं आणि वाढलेलं गॅस्ट्रिन ईसीएल पेशींची संख्याही वाढवतं. १९८०च्या दशकात उंदरांना जन्मभर ओमेप्राझोल दिलं, तेव्हा त्यांच्या जठरात याच पेशींच्या गाठी झाल्या. तरीही १९८८मध्ये स्वीडनमध्ये औषध बाजारात आलं, आणि ते योग्यच होतं. अल्सरच्या कितीतरी रुग्णांची शस्त्रक्रिया त्याने टाळली. उंदरात झालं ते माणसात तसंच होतं, असंही नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करण्याचं तर काहीच कारण नाही. पण आपल्याकडे अ‍ॅसिडिटीची गोळी चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षं, चहाच्या आधी घेतली जाते. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवण्याबद्दल वाल्डुम यांनी आयुष्यभर दिलेला इशारा या सवयीला लागू पडतो, असं मला ठामपणे वाटतं.

विरोधी बाजूही भक्कम आहे. कर्करोगाची पेशी बहुरूपी असते, त्यामुळे तिच्यात क्रोमोग्रॅनिन सापडलं म्हणून ती त्याच घराण्यातली ठरत नाही. मूळपेशीतून निघून वाटेत तिने ते रूप घेतलेलं असू शकतं. १९९८मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात सीडीएच१ जनुकातला दोष सापडला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा ‘डिंक’, ई-कॅड्हेरिन, या जनुकामुळे बनतो. पेशी सुट्या का होतात ते त्यातून कळलं, पण त्या मुळात कोणत्या पेशी, हा प्रश्न तसाच राहिला.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पेशीच्या बाबतीत मात्र ते शोधायलाच हवं, कारण उपचार कुळावरून ठरतात. निव्वळ न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाला बहुधा प्लॅटिनम आणि एटोपोसाइड देतात, तर अ‍ॅडेनोकार्सिनोमाची औषधं वेगळी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या वर्गीकरणात गाठ ‘मिश्र’ म्हणायची तर दोन्ही घटक किमान ३० टक्के लागतात. त्याहून कमी, विखुरलेल्या पेशी दिसल्या तर आज उपचार बदलत नाहीत. पण त्यांची नोंदच झाली नाही, तर त्या रुग्णांचं पुढे काय होतं हे कधी कळणारच नाही.

परळला टाटा रुग्णालयात रोज माणसं गावाकडून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन येतात. डब्यातल्या त्या मेणाच्या ठोकळ्यात तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. त्यातून तीन-चार मायक्रॉनचा आणखी एक काप काढून तो क्रोमोग्रॅनिनसाठी रंगवता येतो. त्यासाठी रुग्णाची पुन्हा एंडोस्कोपी करावी लागत नाही.