दुर्मीळ आजारांचा शोध (भाग ६) : लघवीत न सापडणारा पोर्फिरिया

असह्य पोटदुखीने सुरू होणाऱ्या पोर्फिरियांची ओळख आपण गेल्या आठवड्यात करून घेतली. त्यांच्या निदानाचा मुख्य आधार म्हणजे लघवीची तपासणी. आजच्या आजारात मात्र हीच तपासणी दगा देते. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया, थोडक्यात ईपीपी, हे त्याचे नाव. लंडनमध्ये मॅग्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१मध्ये त्याचे नीट वर्णन केले.

त्रास बहुधा लहानपणीच सुरू होतो. मूल उन्हात गेले की काही मिनिटांत हातांची, चेहऱ्याची आग आग होते. ते रडत घरात येते आणि गार पाण्यात हात बुडवून बसते. अंगावर सहसा फोड येत नाहीत. फार तर नंतर सूज दिसते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ही आग दाद देत नाही. दिसत काहीच नाही, म्हणून घरच्यांना ते नाटक वाटते, दवाखान्यात अ‍ॅलर्जीची गोळी मिळते आणि वर्षे अशीच निघून जातात.

रक्तातले हीम आठ टप्प्यांत तयार होते. शेवटच्या टप्प्यात फेरोकेलाटेज हे विकर प्रोटोपोर्फिरिनमध्ये लोह बसवते. ईपीपीत हे विकर कमी पडते आणि लोह न बसलेले प्रोटोपोर्फिरिन लाल पेशींत साचते. सुमारे ४०० ते ४१० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश त्यावर पडला की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. हा प्रकाश काचेतून आरपार येतो आणि साधे सनस्क्रीन त्याला फारसे अडवत नाही. म्हणून गाडीच्या बंद काचेआडही आग होते का, हे रुग्णाला आवर्जून विचारावे.

आता तपासणीकडे वळू. प्रोटोपोर्फिरिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते लघवीत उतरत नाही. यकृतातून पित्तात आणि तिथून शौचावाटे बाहेर जाते. लघवीचा अहवाल नॉर्मल आला म्हणून ईपीपी नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. तपासायचे ते लाल पेशींतले प्रोटोपोर्फिरिन. नमुना काढताक्षणी नळी अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावी लागते, कारण उजेडात हे द्रव्य नष्ट होते. अहवालात केवळ एकूण आकडा पुरेसा नसतो. लोहाच्या कमतरतेत किंवा शिशाच्या विषबाधेतही तो वाढतो, पण तेव्हा वाढते ते जस्तयुक्त प्रोटोपोर्फिरिन. आपल्याकडे लोहाची कमतरता सर्रास आढळते, म्हणून हा भेद पाहायलाच हवा. ईपीपीत धातुविरहित प्रोटोपोर्फिरिनचे प्रमाण फार मोठे असते. रक्तद्रवाच्या प्रतिदीप्तीचा ६३४ नॅनोमीटरच्या आसपास दिसणारा उच्चांक निदानाला बळ देतो.

'आमच्या घराण्यात हे कुणालाच नाही,' हे उत्तर ऐकून थांबू नये. बहुतेक रुग्णांना एका पालकाकडून जनुकातला मोठा दोष मिळतो, तर दुसऱ्याकडून विकराचे प्रमाण थोडे घटवणारा एक सामान्य बदल. दोघेही पालक ठणठणीत असू शकतात. जनुकीय तपासणीने चित्र स्पष्ट होते.

त्वचेइतकेच लक्ष यकृताकडे हवे. तरुण वयात पित्ताचे खडे होऊ शकतात आणि थोड्या रुग्णांत, साधारण पाच टक्क्यांहून कमी, यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. म्हणून यकृताची तपासणी दरवर्षी करावी. शस्त्रक्रियेची वेळ आली तर सर्जनना आधीच सांगावे. ऑपरेशन थिएटरच्या प्रखर दिव्यांनीही पोटातल्या अवयवांना इजा होऊ शकते. २०१४मध्ये युरोपात आणि २०१९मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अफामेलानोटाइडसह उपचारांची चर्चा पुढच्या भागात करू.

तोवर पालकांना आणि डॉक्टरांना एकच विनंती. उन्हात अंग जळते असे मूल पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्वचा स्वच्छ दिसते म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्यावर विश्वास ठेवा आणि रक्तातले प्रोटोपोर्फिरिन तपासून घ्या.