भाला आणि त्याचे इंग्रजी भाऊबंद

समुद्रकाठच्या एका शाळेची तपासणी चालू असता सातवीच्या फळ्यावर पुढील शब्दार्थ लिहिलेले आढळले : स्पिअर – भाला, लान्स – भाला, जॅव्हलिन – भाला. कोळीवाड्यातील एका मुलीने उभे राहून विचारले, “गुरुजी, तिन्ही भालेच, तर नावे तीन कशाला?” गुरुजींनी तिला खाली बसविले. प्रस्तुत लेखकाने त्यांना दोष दिला नाही. तरुणपणी तोही असेच शब्दार्थ घोकून घेत असे. परंतु मुलीचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर तिच्याच घरी होते.

पाग, डोल आणि रापण ही तिन्ही जाळीच. तथापि पाग हाताने फेकतात, डोल भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून लावतात, आणि रापण पुष्कळ माणसे मिळून किनाऱ्यावर ओढतात. कोणी परका या तिहींना नुसते ‘जाळे’ म्हणू लागला तर कोळ्याचे पोर हसेल. इंग्रजीतील भाल्यांचेही तसेच आहे. स्पिअर हा सर्वसाधारण शब्द होय. टोकदार पाते बसविलेली कोणतीही लांब काठी त्यात येते. लान्स घोडेस्वाराचा; तो हातातून सुटत नाही, घोड्याच्या वेगानिशी शत्रूवर रेटला जातो. जॅव्हलिन मात्र फेकण्यासाठीच घडविलेला, म्हणून हलका. पुरुषांच्या स्पर्धेत त्याचे वजन 800 ग्रॅम असते. नीरज चोप्रा यांनी 2021 साली टोकियो येथे 87.58 मीटर फेक करून सुवर्णपदक मिळविले ते याच भाल्याने. मोठ्या माशावर दोर बांधून फेकतात तो हार्पून.

येथे मराठ्यांच्या ‘विट्या’ची आठवण अवश्य करून द्यावी. विटा हाही दोरी बांधलेला भाला. फेकल्यावर तो दोरीने परत ओढून घेता येई. हार्पूनाचा दोर सावज निसटू नये म्हणून असतो, विट्याची दोरी शस्त्र हातचे जाऊ नये म्हणून. एवढा भेद मुलांना सांगितला की दोन्ही शब्द विसरले जात नाहीत.

आपला ‘भाला’ संस्कृत ‘भल्ल’ या शब्दापासून आला. भल्ल हा मुळात बाणाचा एक प्रकार. लान्सचे मूळ लॅटिन ‘लान्सेआ’. 1740 पर्यंत रेवदंडा ज्यांच्या ताब्यात होता त्या पोर्तुगीजांच्या भाषेत त्याच मुळाचा ‘लान्सा’ आहे. शस्त्रवैद्याची लहान धारदार सुरी ती लॅन्सेट, म्हणजे छोटा लान्स. कोणा एका धन्याशी न बांधलेला भाईत भालाईत तो फ्रीलान्स. पुढे हा शब्द स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या पत्रकारालाही लागला. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा आपला शिलेदार त्याच्या पुष्कळ जवळचा, आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर त्याहून निराळा. इतिहासाच्या तासाला ही जोडी सहज उपयोगी पडते.

सर्वांत गंमत लसणीची. जुन्या इंग्रजीत भाल्याला ‘गार’ म्हणत आणि कांद्याच्या जातीच्या भाजीला ‘लेआक’. त्यांवरून गार्लिक, म्हणजे भाल्यासारखी कांद्याची बहीण. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या मुलखात हा शब्द शिकविण्यास दुसरे साधन नको. लसणीची एक टोकदार पाकळी मुलाच्या हाती द्यावी.

मात्र नुसत्या ध्वनिसाम्याला भुलू नये. इंग्रजी पाइक हा पायदळाचा लांब भाला. आपला पाईक हा पायदळाचा शिपाई. दोघे एका रणांगणावर शोभतील, परंतु त्यांचे कूळ एक नव्हे.

पुढील भेटीत त्याच शाळेत आम्ही बांबूची एक काठी व काथ्याची दोरी आणविली. मुलांनी काठी काखेत धरून धावून दाखविली, तो लान्स. मैदानात मोकळी फेकली, तो जॅव्हलिन. दोरी बांधून फेकली व ओढून घेतली, तो विटा. दोरीची गाठ त्याच मुलीने मारली. ती सुटली नाही.