रामेश्वराचे गोडे पाणी

आमच्या देवघरात एक तांब्याचा गडू होता. त्याचे तोंड डाख लावून बंद केलेले. आत गंगेचे पाणी. आमची आई १९८३ साली गावच्या मंडळींबरोबर काशीला गेली, तेव्हा तिने तो आणला होता. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची आणि रामेश्वराची वाळू प्रयागला नेऊन संगमात सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तुमच्या गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने ती पाळली असेल. आईची काशी झाली, पण रामेश्वर राहिले. कधी दुष्काळ आडवा आला, कधी घरातले लग्नकार्य. शेवटच्या दुखण्यात ती एकदाच म्हणाली, "तेवढं पाणी राहिलं रे."

आम्ही शाळेतून निवृत्त झालो आणि मग निघालो. शेजारपाजारचे मिळून सात जण होतो. त्यांत आमचे विहीरवाले काका होते. साऱ्या तालुक्यात त्यांनी विहिरी खणल्या आहेत. ते पुढे उपयोगी पडले, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

प्रथम आम्ही कन्याकुमारीला गेलो. तेथे समुद्रातल्या खडकावर विवेकानंदांचे स्मारक आहे. होडीतून जावे लागते. ते १९७० साली उभे राहिले. त्यासाठी देशभर हिंडून पैसा जमवणारे एकनाथ रानडे हे आपल्याच भागातले. कन्याकुमारीहून किनाऱ्याकिनाऱ्याने एस.टी.सारख्या बसने वर आलो. वाटेत तूतुकुडीजवळ मिठागरे लागतात. पांढऱ्याशुभ्र मिठाचे ढीग उन्हात असे चमकतात की डोळे मिटावे लागतात. पुढे ताडाची झाडेच झाडे. ताडाच्या रसाचा काळा गूळ तिकडे घरोघर खातात. आम्हीही घेतला. चवीला बरा, थोडा धुरकट.

रामेश्वर हे बेट आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चारी बाजूंना समुद्र. रेल्वेचा पहिला पूल १९१४ साली झाला. लांबी दोन किलोमीटरांहून थोडी जास्त. गंमत अशी, की पुलाखालून जहाजेही गेली पाहिजेत. म्हणून मधला भाग दोन दारांसारखा केला होता. जहाज आले की दारे आभाळाकडे उघडत. त्या पुलावरून २०२२ साली गाड्या बंद झाल्या. शेजारी नवा पूल बांधला, तो ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्याचा मधला तुकडा रहाटावर पोहरा ओढावा तसा सरळ वर उचलला जातो, रुळासकट! आम्ही मोटारीच्या पुलावरून गेलो. तो १९८८ सालचा. बसमधले सगळे एका बाजूच्या खिडक्यांना चिकटले. वाहक ओरडला, पण ऐकतो कोण?

आता देऊळ. रीत अशी, की आधी देवळासमोरच्या समुद्रात बुडी मारायची. त्याला अग्नितीर्थ म्हणतात. तेथे पाणी शांत असते, लाट अशी नाहीच. अंग ओले तसेच घेऊन देवळात जायचे. देवळाच्या आवारात बावीस तीर्थे आहेत. तीर्थे म्हणजे बहुतेक विहिरीच. काठावर माणसे दोरी बांधलेल्या लहान बादल्या घेऊन उभी असतात. भराभर पाणी शेंदतात आणि आपल्या डोक्यावर ओततात. एक झाली की दुसरी. खाली फरशी निसरडी असते, म्हाताऱ्यांनी सांभाळून चालावे. बाविसावी झाल्यावर कोरडे कपडे घालायचे आणि मग दर्शन. ओल्या कपड्यांनी देवापुढे सोडत नाहीत.

विहीरवाले काका तिसऱ्याच विहिरीवर थांबले. ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि आमच्याकडे बघत राहिले.

"मास्तर, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि हे पाणी खारट कसं नाही हो?"

मागची माणसे ढकलत होती. आम्ही म्हटले, "पुढं चला, मग बघू." खरे सांगायचे तर आम्हालाही चटकन सांगता आले नाही.

देवळाच्या ओवऱ्या पाहण्यासारख्या आहेत. बाराशेच्या वर दगडी खांब आहेत. एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. बेटावर सगळी वाळू, म्हणून दगड बाहेरून आणले. गाभाऱ्यात दोन लिंगे. एक सीतामाईने वाळूचे केले. दुसरे मारुतीने कैलासाहून आणले, पण त्याला यायला उशीर झाला. तो खट्टू झाला, म्हणून रामाने सांगितले की मारुतीच्या लिंगाची पूजा आधी. आजही तसेच करतात.

येथले पुजारी मूळचे महाराष्ट्रातले. कित्येक पिढ्या तेथेच आहेत. लिंगाला हात तेच लावतात. आपण पावती फाडायची आणि गंगा त्यांच्या हाती द्यायची. गडू आम्हाला प्रवासात हलका वाटत होता. मनात धाकधूक होती. डाख काढला तर पाणी निम्मेसुद्धा नव्हते. बारीक चीर पडून इतक्या वर्षांत आटले असावे. आमचे तोंडच उतरले. पुजारीबुवांनी गडू हलवून पाहिला, म्हणाले, "गंगा है ना? बस!" आणि आत नेला. दुरून एक बारीक धार तेवढी दिसली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "झालं बघा, पोचलं." आम्हाला त्या वेळी पैठणच्या नाथमहाराजांची आठवण झाली. त्यांनी रामेश्वराला न्यायची कावडीतली गंगा वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल.

येथली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपले माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचा जन्म याच गावात, १९३१ साली झाला. त्यांचे वडील होडीतून यात्रेकरूंची ने-आण करीत. देवळात सीतारामाच्या लग्नाचा उत्सव असे, तेव्हा मूर्ती तळ्याच्या मधोमध न्यायच्या असत. त्यासाठी होडी देण्याचा मान या मुसलमान घराकडे होता. लहान कलाम रेल्वेतून टाकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून गावात वाटीत. आता तुम्हीही वाचू लागला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला गेलो. रामेश्वरापासून सुमारे २० किलोमीटर. वाळूची चिंचोळी पट्टी समुद्रात गेलेली आहे. एका बाजूचा समुद्र शांत, दुसऱ्या बाजूचा खवळलेला. तिकडचे लोक एकाला बाई म्हणतात आणि दुसऱ्याला पुरुष. आमच्यातल्या बायका यावर पुष्कळ हसल्या. टोकापासून श्रीलंका सुमारे ३० किलोमीटर. मध्ये उथळ वाळूचे बांध आहेत, तोच सेतू. टोकापर्यंतचा रस्ता २०१७ साली झाला. त्या टोकाला ओढ फार आहे, पाण्यात उतरू नये. संध्याकाळनंतर तेथे कुणाला थांबू देत नाहीत.

एकेकाळी येथे गाव होते. स्टेशन, टपालकचेरी, शाळा, चर्च सगळे होते. येथून श्रीलंकेला बोट जाई. १९६४ साली २२ डिसेंबरच्या रात्री मोठे वादळ झाले. पांबनहून निघालेली गाडी धनुष्कोडीजवळ आली, पण सिग्नल मिळेना. बराच वेळ थांबून चालकाने शिटी दिली आणि गाडी पुढे काढली. एक प्रचंड लाट आली, आणि सगळी गाडी माणसांसकट गेली. शंभराहून अधिक माणसे तिच्यात होती. गावही गेले. सरकारने जाहीर केले, की ही जागा राहण्यालायक नाही. आज चर्चच्या भिंती उभ्या आहेत. रेल्वेचा पूलही तेव्हा मोडला होता. तो श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनियराच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला. पुढे आपली कोकण रेल्वे बांधली, ते हेच श्रीधरन.

तरीही तेथे कोळ्यांची घरे आहेत. झावळ्यांच्या झोपड्या. समुद्र इतका जवळ, एवढे सगळे घडून गेलेले, तरी माणसे राहतात. प्यायला पाणी कुठले? आम्ही खुणेनेच एका म्हातारीला विचारले. ती उठली. झोपडीपासून थोड्या अंतरावर वाळूत खड्डा होता, गुडघाभर खोल. तिने करवंटीने तळची वाळू उपसली. हळूहळू पाणी जमू लागले. तिने करवंटी भरून काकांच्या पुढे धरली. "नल्ल तण्णी," ती म्हणाली. तमिळमध्ये तण्णी म्हणजे पाणी, नल्ल म्हणजे चांगले.

काका प्याले. "गोडं आहे!"

मग ते खड्ड्याशी बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही मात्र रात्री आठवून आठवून उत्तर जुळवले होते. ते असे. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून ते वाळूच्या आत खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय असते तसे. वरवर खणले तर साय हाती लागते. खोल खणले, किंवा पंप लावून फार उपसले, तर खालचे खारे पाणी वर चढते, आणि ती विहीर पुन्हा लवकर गोडी होत नाही. देवळातल्या विहिरींचेही तेच.

काका म्हणाले, "म्हणजे इथं माझा धंदा चालायचा नाही. मी आपला खोलच जाणार." आणि त्या म्हातारीला हात जोडून उठले. आम्ही तिला पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. सुकी मासळी मात्र आमच्यातल्या तिघांनी तिच्याकडून विकत घेतली.

निघताना मूठभर वाळू पुरचुंडीत बांधून घेतली. घरी आल्यावर ती देवघरात गडूच्या जागी ठेवली आहे. प्रयाग अजून व्हायचे आहे.