बागेतील लाकडी ओटा

जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावी बागेत लाकडी ओटा बांधावयाचा म्हटले, की पहिला विचार लाकडाचा नव्हे, मातीचा करावा लागतो. हा मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. तिच्यात नुसता रोवलेला खांब दरसाल उचलला जातो व पुन्हा खाली बसतो. मग वरच्या फळ्या कितीही सफाईने रंधलेल्या असोत, काही पावसाळ्यांत ओटा वाकडा झाल्यावाचून राहत नाही.

लाकूड पाण्याने कुजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती अर्धीच खरी होय. मराठवाड्यातील माळवदाखालच्या तुळया पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, कारण त्या कोरड्या असतात. उलट विहिरीच्या तळाशी सदैव पाण्यात बुडालेले लाकूडही टिकते, कारण तेथे हवा पोचत नाही. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओल सुमारे 20 टक्क्यांच्या खाली राहिली, तर तिचे काही चालत नाही. मातीत रोवलेला खांब जमिनीच्या पातळीशी प्रथम कुजतो तो याच कारणाने. तेथे ओलही असते आणि हवाही. वाळवीलाही वर चढण्यास तीच वाट सोयीची.

जुन्या वाड्यांच्या सुतारांनी यावर उत्तर शोधले होते. त्यांनी खांब मातीत कधी रोवला नाही; तो दगडी तळखड्यावर उभा केला. बागेतील ओट्यासही हाच मार्ग उत्तम. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोदावे, तेथून पक्का पाया वर आणावा, आणि तळखड्याचा माथा जमिनीपासून निदान वीतभर उंच ठेवावा. त्यामुळे ओट्याखाली वारा खेळतो, आणि वाळवीने मातीच्या नळ्या बांधल्याच, तर त्या नजरेस पडतात.

लाकूड सागाचे घ्यावे, पण गाभ्याचे. सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला, तरी तो लवकर कुजतो. घरातील कडीपाटात पाट एकमेकांस घट्ट भिडवितात; उघड्यावरील ओट्यात मात्र दोन फळ्यांमध्ये सुमारे 5 मिलिमीटर फट ठेवावी, म्हणजे पाणी निथळते आणि लाकडास फुगण्यास जागा मिळते. स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तेल अधिक पाजावे. लाकूड पाणी शोषून घेते ते मुख्यतः तेथूनच.

ओटा बांधून झाला म्हणजे काम संपले, असे नाही. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकण्याची रीत होती. तशीच शिस्त येथे हवी. मृगापूर्वी फटींतील पालापाचोळा काढावा, कुंड्या उचलून त्यांखालची जागा पाहावी आणि कोरड्या लाकडावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या.

सर्वांत महत्त्वाची तपासणी खालच्या कड्यांची. वरची फळी खराब झाली तर ती डोळ्यांस दिसते. कडी मात्र सांध्याशी आतून पोकळ होत जाते, आणि वर खेळणाऱ्या मुलांच्या भाराने एके दिवशी अकस्मात मोडते. म्हणून दिवाळीनंतर खाली वाकून प्रत्येक सांध्यात अणकुचीदार टोचणी दाबून पाहावी. ती सहज आत शिरली, तर ती कडी त्याच आठवड्यात बदलावी. ओटा पावसात भिजला तर बिघडत नाही. भिजल्यावर त्याला वाळावयास मिळाले पाहिजे, एवढेच त्याच्या आयुष्याचे रहस्य आहे.