नागोठण्याला खाडी नव्हती तेव्हा

नागोठण्यात भरतीला अंबा नदीचे पाणी चढते. धरमतरच्या खाडीतून समुद्र इथवर पोहोचतो, म्हणूनच जुन्या काळी हे गाव बंदर होते. आपल्याला वाटते, समुद्र पहिल्यापासून इथेच असेल. पण सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. मुंबईसमोरचा समुद्रतळ रुंद आणि उथळ आहे. त्यामुळे किनारा तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता. ना खाडी, ना तिवरे. त्या मैदानावर माणसे राहिली असतील तर त्यांच्या खुणा आज पाण्याखाली आहेत.

खानदेशात मात्र खुणा मिळाल्या. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे 1970 च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे! शहामृग होता, म्हणजे तिथे कोरडे, उघडे माळरान होते आणि माणूस त्यात जगायला शिकला होता.

श्रीलंकेतली गोष्ट उलटी आहे. तिथल्या फा-हियेन लेण्यात (हो, बौद्ध भिक्खू फाहियान यांच्याच नावाने ते ओळखले जाते) सुमारे 48 हजार वर्षांपूर्वीची माणसे घनदाट पावसाळी जंगलात राहत होती. हरणांचे कळप नाहीत, म्हणून हाडांची बाणाग्रे करून माकडे आणि खारी मारत होती.

आपली जात, म्हणजे मानवजात, सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत घडली. 2025 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार, 70 हजार वर्षांपूर्वीपासून आफ्रिकेतच माणसे जंगल, वाळवंट अशा अवघड प्रदेशांत जास्त प्रमाणात राहू लागली. तिथे मुरल्यावरच पुढचा जगभरचा प्रवास टिकला. शरीरही बदलत गेले. कडक उन्हात गडद कातडी उपयोगी, कमी उन्हाच्या मुलखात उजळ. कातडीचा रंग हा एवढाच हिशोब आहे. त्यावरून लग्ने ठरवणाऱ्यांनी, आपल्या समाजातल्यांनीही, हे वाचावे.

बाबासाहेबांनी 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडेच पुढे ठेवले आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवले. तेव्हा जनुकशास्त्राची आजची साधने नव्हती.

पेण, रोहा भागातल्या कातकरी बांधवांना सरकारी कागदावर ‘आदिम जमात’ म्हणतात. हा शब्द वाचून आपली शिकलेली मुलेही त्यांना जुन्या काळात अडकलेली माणसे समजतात. आफ्रिकेतल्या त्या पूर्वजांपासून कातकरी जितका लांब, तितकेच आपण. जंगल, नदी आणि खाडीवर जगण्याचे त्यांचे ज्ञान ही आजचीच विद्या आहे. जंगल हातचे गेल्यावर त्यांच्यातली कितीतरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात, आणि मुलांची शाळा मधल्या मध्ये सुटते.