वर्षभराची प्राणीवही

पक्षीनिरीक्षकांमध्ये वर्षाची यादी करण्याची रीत चांगली रुळलेली आहे. १ जानेवारीला कोरं पान उघडायचं, वर्षभरात दिसलेली प्रत्येक जात एकेकदा लिहायची आणि ३१ डिसेंबरला यादी बंद करायची. हीच रीत सस्तन प्राण्यांसाठी पाळायची ठरवली, तर काम बरंच अवघड होतं. भारतात पक्ष्यांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक दिवसाउजेडी वावरतात आणि आवाजावरूनही ओळखता येतात. सस्तन प्राण्यांच्या जाती ४०० हून थोड्या अधिक. त्यांत निम्म्याहून जास्त भरणा वटवाघळांचा आणि उंदीर, घूस, खार अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांचा. उरलेल्यांतले बरेचसे रात्री बाहेर पडणारे, माणसाची चाहूल लागताच दडणारे.

त्यामुळे ही यादी ताडोबाच्या एखाददुसऱ्या सफारीने भरत नाही. गावाजवळचा माळ, ओढा, उसाचे बांध आणि घरामागची भिंत यांच्याकडे बाराही महिने लक्ष ठेवलं तरच ती भरते. माझ्या लेखी तिचं मोल यातच आहे. वाघासाठी आसुसलेली नजर ती मुंगसावर, सशावर आणि चिचुंद्रीवरही ठरायला लावते. वहीत वाघाला एक ओळ आणि चिचुंद्रीलाही एकच ओळ.

आधी नियम

पहिल्या पानावर नियम लिहावेत आणि वर्ष संपेपर्यंत ते बदलू नयेत. पहिला नियम असा, की प्राणी मोकळा आणि रानटी हवा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रस्त्याकडेला चरणारं चितळ यादीत येतं. तिथल्याच कुंपणबंद सफारीतला वाघ येत नाही. पाळीव जनावरं, भटकी कुत्री आणि मांजरं नाहीत. काही जागी निर्णय सोपा नसतो. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यातली हरणं मुळात माणसाने आणून सोडलेली आहेत, पण त्यांच्या पिढ्या आता तिथेच वाढल्या आहेत. ती धरायची की नाही हे आपण ठरवावं आणि ठरवलेलं लिहून ठेवावं.

दुसरा नियम हद्दीचा. देश, राज्य, जिल्हा किंवा तालुका, काहीही चालेल. नवख्याने जिल्हा घ्यावा. हद्द लहान असली, की त्याच जागी पुन्हापुन्हा जाणं होतं आणि नोंदींना खोली येते.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा: ‘पाहिला’ कशाला म्हणायचं? मुख्य यादीत फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आणि खात्रीने ओळखलेला प्राणी जावा. ठसे, विष्ठा, काटे, आवाज यांच्यासाठी वहीचा दुसरा भाग असावा. रस्त्यावर वाहनाखाली मेलेल्या प्राण्यांसाठी तिसरा. हा तिसरा भाग लिहिताना मन खट्टू होतं, पण तो टाळू नये. कोणत्या वळणावर कोणते प्राणी मरतात, हे अशाच नोंदींतून कळतं.

एका नोंदीत काय हवं

नुसतं ‘चिंकारा’ लिहिलं, तर दोन वर्षांनी त्या शब्दाचा उपयोग उरत नाही. तारीख, वेळ, नेमकी जागा, संख्या, नर-मादी-पिल्लू, प्राणी काय करत होता, कशावरून ओळखला आणि आपण तिथे किती वेळ होतो, इतकं तरी हवं. नमुना असा:

‘१२ जानेवारी, सकाळी ७.१०. मयूरेश्वर अभयारण्य, सुपे. चिंकारा ३: दोन मोठे, एक पिल्लू. गवतात चरत. तोंडावर गडद पट्टा, काळी शेपटी सतत हलती. अंतर सुमारे १०० मीटर. एकूण फेरी दीड तास, पायी.’

या नोंदीत नर-मादी लिहिलेलं नाही, ते जाणूनबुजून. चिंकाऱ्याच्या मादीलाही शिंगं असतात, फक्त बारीक आणि आखूड. लांबून शिंगं दिसली म्हणून नर ठरवणं धोक्याचं. काळविटाच्या मादीला मात्र सहसा शिंगं नसतात. शिंगांची अवस्थाही टिपावी. चितळ, सांबर आणि भेकर यांची शिंगं गळून नव्याने येतात, तर काळवीट आणि चिंकारा यांची कायमची असतात. सांबराची शिंगं कोणत्या महिन्यात गळलेली दिसली, कधी मखमली कातडीने झाकलेली होती, हे पुढच्या वर्षी ताडून पाहता येतं.

शेवटचा तपशील, म्हणजे फेरीला किती वेळ दिला, तो सहसा गाळला जातो. तो नसेल, तर दोन वर्षांची तुलना होऊ शकत नाही. त्याच कारणाने काहीच न दिसलेली फेरीही लिहावी: तारीख, जागा, वेळ आणि पुढे ‘काही नाही’. वहीसाठी पेन्सिल बरी, कारण पावसात शाई फुटते. ८ × ४२ ची दुर्बीण पुरेशी होते: ८ पट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या अंधूक उजेडातही काम भागतं.

नावाच्या बाबतीत एक पथ्य पाळावं. एकाच मराठी नावाने दोन भागांत दोन वेगळे प्राणी ओळखले जातात, म्हणून पहिल्या नोंदीत शास्त्रीय नावही लिहून ठेवावं. संदर्भासाठी एस. एच. प्रेटर यांचं १९४८ साली आलेलं भारतीय प्राण्यांवरचं पुस्तक अजूनही वाचनीय आहे. फिरताना जवळ बाळगायला विवेक मेनन यांची सस्तन प्राण्यांची मार्गदर्शिका उपयोगी पडते.

घरापासून सुरुवात

पहिली ओळ बहुधा खारीची असते आणि पहिला अभ्यासही तिथेच सुरू होतो. पाठीवरचे पांढरे पट्टे मोजावेत. महाराष्ट्रात तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन्ही खारी आढळतात, त्या वेगळ्या जाती आहेत. पाच पट्ट्यांच्या खारीचे कडेचे दोन पट्टे फिके असतात, म्हणून घाई करू नये.

रात्री भिंतीकडेने चिटचिट करत जाणारी चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाही. ती किडे खाणारी आहे, घरातली झुरळं फस्त करते. जुन्या वडा-पिंपळावर दिवसा उलटी लटकलेली मोठी फळखाऊ वटवाघळं सहज ओळखता येतात. त्यांचे पंख पसरले, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभराहून जास्त भरतात. संध्याकाळी दिव्याभोवती फिरणाऱ्या लहान वटवाघळांची जात मात्र नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. तिथे ‘लहान वटवाघूळ, जात अनिश्चित’ असं लिहावं आणि ते एकूण आकड्यात धरू नये.

मुंगूस दिसलं, की नजर शेपटाच्या टोकाकडे न्यावी. टोक काळं आणि वर वळलेलं असेल तर तांबूस मुंगूस. करड्या मुंगसाचं टोक फिकट असतं. आंबोलीसारख्या दमट जंगलात मानेवर काळा पट्टा असलेलं मोठं मुंगूसही दिसू शकतं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटाचं ते वानर. माकडांत डोक्यावर केसांची टोपी आणि लांब शेपूट असलेली जात वेगळी आणि आखूड शेपटाची, मागून नारिंगी झाक असलेली उत्तरेकडची जात वेगळी.

मुंबईकरांनी आपल्याकडे काही नाही असं समजू नये. ठाणे खाडीच्या कांदळवनात कोल्हे आहेत, संजय गांधी उद्यानात बिबटे आहेत.

ऋतूमागून ऋतू

हिवाळा माळरानांचा. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्याचं क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे, पण काळवीट निवांत पाहण्यासाठी तशी जागा मिळणं कठीण. सकाळी लवकर गेलं, तर माळावर ससा, खोकड, कोल्हा आणि नशीब असेल तर लांडगाही दिसतो. खोकड कोल्ह्याहून लहान आणि सडपातळ, त्याचं झुबकेदार शेपूट शरीराच्या मानाने मोठं.

याच दिवसांत ऊसतोड चालू असते. जुन्नर, आंबेगाव भागात उसात बिबट्याचे आणि रानमांजराचे बछडे सापडतात. ते उचलू नयेत, भोवती गर्दी करू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. बछडा सापडल्या जागी सुरक्षित ठेवला, तर मादी अनेकदा त्याला न्यायला परत येते.

उन्हाळा पाणवठ्यांचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात आणि विदर्भातल्या जंगलात अस्वलं ती वेचायला येतात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसण्याची संधी देतो. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. पूर्वी हिला प्राणीगणना म्हणत. पण एकच प्राणी रात्रीत दोनदा पाण्यावर येऊ शकतो, शेजारच्या पाणवठ्यावरही मोजला जाऊ शकतो. त्यामुळे आता तिच्याकडे निसर्गानुभव म्हणून पाहिलं जातं. आपल्या वहीसाठी मात्र ही रात्र उत्तम. चौशिंगा, सांबर, रानडुक्कर, साळिंदर असे एरवी न गवसणारे प्राणी एका जागी बसून पाहता येतात.

पावसाळ्यात ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. हे महिने ओळखपुस्तकं वाचण्याचे आणि चिखलातले ठसे शिकण्याचे. पाऊस सरला, की किनारा गाठावा. मालवण, वेंगुर्ला, दापोली या भागांत किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात कुबडवाले डॉल्फिन दिसतात. समुद्रातले प्राणीही यादीचेच. राज्यप्राणी शेकरूसाठी भीमाशंकर गाठावं. हे अभयारण्य १९८५ साली प्रामुख्याने त्याच्यासाठी झालं. उंच झाडांच्या फांद्यांत काटक्या-पानांचं मोठं गोल घरटं दिसलं, की तिथे शांत उभं राहावं.

खुणांचं पान

वहीचा दुसरा भाग हळूहळू पहिल्यापेक्षा जाड होतो. मांजरकुळातले प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात, त्यामुळे ठशात चार बोटं आणि गादी दिसते, नख्या नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या ठशात नख्या उमटतात. तरसाच्याही उमटतात, पण त्याचा पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. तरसाची विष्ठा सुकली, की पांढरी पडते, कारण ते हाडं चावून खातं. बियांनी भरलेली विष्ठा वाटेवरच्या दगडावर दिसली, तर उदमांजराची शक्यता तपासावी. नांगरल्यासारखी उकरलेली जमीन रानडुकराची. वाटेवर पडलेला काळा-पांढरा काटा साळिंदराचा. प्रत्येक ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा.

या पानावर संख्या लिहू नये. ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, हे ध्यानात आल्यावर २००६ च्या व्याघ्रगणनेपासून कॅमेरा ट्रॅपवर भर दिला गेला. ठसा ‘इथून गेला’ इतकंच सांगतो. कितीजण गेले हे तो सांगत नाही.

मर्यादा

यादी वाढावी म्हणून प्राण्याला हुसकावून बाहेर काढायचं नाही. बिळात डोकवायचं नाही, मागावर गाडी पळवायची नाही, आवाजाची फीत वाजवायची नाही. प्राणी मान वर करून आपल्याकडे टक लावून पाहू लागला, की आपण जास्त जवळ आलो आहोत. रात्रीच्या वाटेवर बॅटरी जमिनीकडे धरावी, डोळ्यांवर रोखू नये; नुसत्या चमकणाऱ्या डोळ्यांवरून जात ठरवू नये.

खवल्या मांजर, वाघाटी, तरसाची गुहा यांची नेमकी जागा कुणालाही सांगू नये. खवल्या मांजराची तस्करी होते आणि फोटोमध्ये दडलेला जागेचा आकडा शिकाऱ्याला पुरेसा असतो. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी संकटग्रस्त प्राण्यांची जागा आपोआप धूसर केली जाते, पण व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या वर्णनाला असं संरक्षण नसतं.

३१ डिसेंबर

वर्ष संपताना तीन गोष्टी कराव्यात. मुख्य यादीतल्या जाती मोजाव्यात. राज्यभर थोडं फिरणाऱ्याच्या यादीत वीस-पंचवीस जाती सहज होऊ शकतात. मग दिसायला हवे होते पण दिसले नाहीत अशा प्राण्यांची वेगळी यादी करावी. शेवटी दोन्ही याद्या गेल्या वर्षीच्या याद्यांशी ताडाव्यात, आणि दिलेला वेळही.

एका वर्षी खोकड दिसलं नाही, यावरून काही ठरत नाही. त्याच माळावर, तितक्याच फेऱ्यांत ते सलग तीन वर्षं दिसलं नाही, तर त्या माळाचं काय झालं हे विचारायला हवं. माळरानांना अजूनही सर्रास पडीक म्हटलं जातं. त्यांवर प्लॉट पडतात, नाहीतर हिरवाईच्या नावाखाली झाडं लावली जातात आणि गवतावर जगणारे प्राणी निघून जातात. अशा वेळी ग्रामसभेत किंवा वनाधिकाऱ्यासमोर ‘इथे प्राणी होते’ एवढं म्हणून भागत नाही. तारीख, वेळ, संख्या आणि रिकाम्या फेऱ्यांसह लिहिलेली काही वर्षांची वही समोर ठेवली, तर त्या म्हणण्याला पुरावा मिळतो. बहुतेक तालुक्यांत असा पुरावा गोळा करणारं कुणी नाही. ज्याच्याकडे वही, पेन्सिल आणि आठवड्यातून एक सकाळ आहे, त्याने हे काम हाती घ्यावं.